माझ्या नावाचा अहवाल

पुण्याहून सोलापूरच्या वाटेने निघाले आणि भिगवण मागे पडले, की डाव्या हाताला उजनीचे पाणी दिसू लागते. मग पळसदेव येते आणि पाठोपाठ आमचे लोणी देवकर. मोटारीतून जाणाऱ्या शहरी मंडळींना ते सहसा दिसत नाही. भिगवणला माशांचे जेवण झालेले असते आणि डोळ्यांवर झापड आलेली असते. फार तर औद्योगिक वसाहतीची पाटी ओझरती दिसते. मला मात्र हे गाव डोळे मिटले तरी दिसते, कारण माझा जन्म तिथला. तालुक्याच्या दक्षिण अंगाने नीरा डावा कालवा गेलेला, उत्तरेला भीमेवर उजनीचा पसारा, आणि मधल्या माळावर आमची बाजरी नि हुलगे, असे माझे बालपण. पुढे पाइपलाइनी आल्या, शेततळी आली, डाळिंबाच्या बागा आल्या आणि माळावर कारखान्यांची पत्र्याची छपरे चमकू लागली.

याच गावी २०२२ च्या दिवाळीत माझ्यावर असा एक प्रसंग आला, की माझ्या अठरा वर्षांच्या नोकरीचा हिशेब एका रात्रीत समोर मांडला गेला. पण तो सांगण्यापूर्वी माझी नोकरी काय होती हे सांगायला हवे, आणि ते तितकेसे सोपे नाही.

सांगण्याचे पैसे

डॉक्टर रोग्याला तपासतो, वकील कोर्टात उभा राहतो, हे आपल्याला कळते. पण सल्लागार कंपनी काय करते? शेतकी कॉलेजातून पदवी घेऊन २००४ साली मी पुण्याच्या एका अशा कंपनीत लागलो, तेव्हा आईला हे समजावताना माझी पुरेवाट झाली.

"म्हणजे नुसतं सांगायचे पैसे?" तिने विचारले.

मी हो म्हणालो.

"मग तुझी आत्या आजवर लखपती व्हायला हवी होती!"

थट्टा सोडली तर काम असे असे. कोणाला शीतगृह बांधायचे असते, कोणाला दुधाचा प्रकल्प काढायचा असतो, कोणाला फळांचा रस काढून डब्यात भरायचा असतो. कर्ज देण्यापूर्वी बँक विचारते, हा धंदा चालेल का? कच्चा माल किती येईल, कोणत्या महिन्यात येईल, वीज किती लागेल, तयार माल घेणार कोण, आणि हप्ते फिटणार कसे? या प्रश्नांची उत्तरे तिऱ्हाइताने, म्हणजे ज्याचा त्यात काही लाभ नाही अशा माणसाने, शोधून लिहायची. याला प्रकल्प अहवाल म्हणतात. 'तिऱ्हाईत' या एका शब्दात आमच्या धंद्याची सगळी अब्रू होती.

कंपनी काढली होती एका निवृत्त अभियंत्यांनी. त्यांना आम्ही थोरले साहेब म्हणत असू. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात दोन खोल्या, चार टेबले, एक टायपिस्ट आणि भिंतीवर एकच तसबीर, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची. कामाला लागणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात त्या तसबिरीची गोष्ट ऐकावी लागे. मी इंदापूर तालुक्यातला म्हटल्यावर साहेबांनी ती मला जरा अधिकच रंगवून सांगितली.

विश्वेश्वरय्या पुण्यातच अभियांत्रिकी शिकले आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. १८९९ च्या सुमारास पुण्याकडचे पाटबंधारे त्यांच्या हाती आले. कालव्याच्या पाण्याचे दुखणे तेव्हाही आजच्यासारखेच होते. मुखाजवळच्यांनी उसाला पाणी ओढावे आणि शेपटाकडच्यांनी आभाळाकडे पाहावे. नीरेच्या डाव्या कालव्याचे शेपूट म्हणजे आमचा इंदापूर. त्यांनी 'ब्लॉक' पद्धत सुचवली. गावोगाव जमिनीचे ठरावीक तुकडे निवडायचे, त्यांत पिकांची फेरपालट करायची आणि तेच पाणी अधिक गावांना पुरवायचे. ज्यांचे पाणी कमी होणार होते ते साहजिकच खवळले. तेव्हा विश्वेश्वरय्या शेतकऱ्यांना भेटले, त्यांचे ऐकून घेतले, आपले म्हणणे पटवून दिले. पुढे सरकारी नोकरी सोडल्यावर १९०८ च्या मुसी नदीच्या महापुराने उद्ध्वस्त झालेल्या हैदराबादला सल्ला द्यायला तेच गेले.

"सल्लागार म्हणजे हा," साहेब तसबिरीकडे बोट दाखवून म्हणत. "आधी चालतो, मग मोजतो, मग बोलतो. आणि जे बोलतो ते ज्याला आवडणार नाही त्याच्या तोंडावर बोलतो."

त्यांचे दोन नियम होते. ज्या गावाबद्दल लिहायचे तिथे निदान दोन जेवणे झाल्याशिवाय लिहायला बसायचे नाही, हा पहिला. दुसरा नियम बुधवारचा. दर बुधवारी दुपारी एक अहवाल सगळ्यांसमोर वाचला जाई, आणि त्यातल्या चुका काढायचा पहिला मान सर्वांत धाकट्याचा असे. मोठ्यांनी आधी बोलले की धाकटे माना डोलावतात, म्हणून ही उलटी पंगत! माझ्या पहिल्या बुधवारी मी चाचरत म्हणालो, "साहेब, या तक्त्यात मे महिन्यात हिरवा चारा धरलाय. आमच्याकडे मेमध्ये कडबासुद्धा विकत घ्यावा लागतो." अहवाल खुद्द साहेबांनी तपासलेला होता. त्यांनी चष्मा काढला, तक्ता पाहिला आणि टायपिस्टबाईंना म्हणाले, "पान नऊ पुन्हा करा. आणि यांच्यासाठी चहा सांगा."

कोपऱ्यात एक लोखंडी कपाट होते. ज्या प्रकल्पांना आम्ही 'हे करू नका' असे लिहून दिले, त्यांच्या फायली त्यात असत. एक गृहस्थ "पैसे घेऊन वर नाही म्हणता?" असे भांडून गेले होते. चार वर्षांनी मुलाच्या प्रकल्पासाठी ते पुन्हा आमच्याचकडे आले.

शिकागोची गोष्ट

थोरले साहेब आणखी एक गोष्ट सांगत. आता आठवली की अंगावर काटा येतो, कारण ती आमचीच कुंडली होती.

१९१३ साली अमेरिकेत शिकागो शहरी आर्थर अँडरसन नावाच्या माणसाने हिशेबतपासणीची पेढी काढली. सुरुवातीच्या दिवसांत एका रेल्वे कंपनीचा बडा अधिकारी आला आणि आमच्या हिशेबावर डोळे मिटून सही करा म्हणाला. पेढी नवी, हातात पैसा नाही. तरी अँडरसनने त्याला सांगितले, की अख्ख्या शिकागोतला पैसा आणलात तरी ही सही मिळणार नाही. गिऱ्हाईक गेले, पण पेढीचे नाव झाले, अशी कथा सांगितली जाते.

अँडरसन १९४७ साली वारला. पेढी वाढत वाढत जगातल्या पहिल्या पाचांत गेली, पंच्याऐंशी हजारांच्या आसपास माणसे तिथे काम करू लागली. हिशेब तपासणे हे कंटाळवाणे काम, त्यात कमाई बेताची. सल्ला देण्यात कमाई मोठी. मग एकाच गिऱ्हाइकाचे हिशेबही तपासायचे आणि त्यालाच सल्लाही विकायचा, असे सुरू झाले. एन्रॉन या कंपनीकडून एकट्या २००० सालात पेढीला पाच कोटी डॉलरांहून अधिक पैसे मिळाले, आणि त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग हिशेबतपासणीखेरीज इतर कामांचा होता. असे गिऱ्हाईक दुखवणार कोण? पेढीत कार्ल बास नावाचा एक जाणकार होता. एन्रॉनच्या हिशेबाच्या पद्धतींवर त्याने हरकत घेतली. २००१ च्या मार्चमध्ये त्याला एन्रॉनच्या कामातून बाजूला करण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉनचे दिवाळे निघाले. कागदपत्रे नष्ट केल्याच्या खटल्यात २००२ साली पेढी दोषी ठरली आणि ऑगस्टअखेर तिने जाहीर कंपन्यांचे हिशेब तपासणे बंद केले. २००५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरवला; पण तोवर फिरवायला पेढी उरली नव्हती. हजारो साध्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या, ज्यांनी एन्रॉनचा एक कागदही पाहिला नव्हता.

एन्रॉन हे नाव महाराष्ट्राला नवे नव्हे. गुहागरजवळचा दाभोळ वीजप्रकल्प त्यांचाच. प्रकल्प फार मोठा आहे, वीज महाग पडेल, हे किफायतशीर नाही, असे जागतिक बँकेने १९९३ सालीच सांगून ठेवले होते. वीज १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. "स्पष्ट नकार फुकट मिळाला होता," साहेब म्हणत, "आणि गोड होकारासाठी आपण किती मोजले पाहा."

काचेची इमारत

२०१६ साली थोरल्या साहेबांनी काम सोडले. वय पंचाहत्तरीच्या पुढे गेले होते, कान मंद झाले होते. कंपनीत बाहेरचे भांडवल आले, नवे साहेब आले, आणि आम्ही वाडा सोडून बाणेरला काचेच्या इमारतीत गेलो. मला खोटे बोलायचे नाही. आम्हाला आनंद झाला. पगार वाढला. गार हवेची यंत्रे, फुकट कॉफी, वाढदिवसाला केक. घरी हिने नव्या फ्लॅटचा विषय काढला आणि मी कर्ज काढले.

नवे साहेब स्वभावाने वाईट नव्हते. "मला साहेब म्हणू नका, नावाने हाक मारा," असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. आणि यातच एक मौज झाली. थोरल्या साहेबांना सगळे 'साहेब' म्हणत आणि 'साहेब, हे चूक आहे' असेही म्हणत. नव्यांना सगळे नावाने हाक मारत, पण 'चूक' हा शब्द कोणाच्या ओठांवर येईना.

ऱ्हास हा काही छप्पर कोसळल्यासारखा येत नाही. तो भिंतीतल्या ओलीसारखा चढतो. आधी बुधवारची बैठक पंधरवड्यावर गेली, मग महिन्यावर, आणि शेवटी तिच्या जागी एक समारंभ सुरू झाला. त्यात पडद्यावर उत्पन्नाचे आलेख दाखवीत आणि टाळ्या वाजवीत. मग प्रत्येकाने आपला एकेक तास कोणाच्या बिलात घातला ते लिहायचे ठरले. गावात जेवायला लागणारा तास कोणाच्याच बिलात बसेना. तेव्हा गावी जाणे थांबले आणि फोनवर माहिती घेणे सुरू झाले. जुना अहवाल उघडायचा, तालुक्याचे नाव बदलायचे, असे होऊ लागले. एकदा तर जालन्याच्या अहवालात समुद्रकिनाऱ्याचे अंतर राहून गेले! आम्ही हसलो. हसलो, हे आता खुपते. टायपिस्टबाईंना निरोप दिला गेला. लोखंडी कपाट भंगारात गेले.

आणि सर्वांत मोठा बदल कागदावर दोन ओळींचा होता. पूर्वी आमचे शुल्क अहवाल देताच मिळे, तो होकाराचा असो वा नकाराचा. आता शुल्काचा चौथा हिस्सा आधी आणि उरलेला कर्ज मंजूर झाल्यावर, असा करार होऊ लागला. म्हणजे 'हे करू नका' असे लिहिले, तर आपणच आपले तीन हिस्से बुडवायचे. त्या दिवशी आम्ही तिऱ्हाईत उरलो नाही. कोणी तसे म्हणाले नाही; मीही नाही.

वीसचे चाळीस

२०२१ साली एक नवी फाइल माझ्या टेबलावर आली. काही शेतकऱ्यांनी मिळून कंपनी काढली होती आणि डाळिंबाचे दाणे व रस काढण्याचा कारखाना घालायचा होता. ठिकाण, लोणी देवकरची औद्योगिक वसाहत. मी रजा टाकून, स्वखर्चाने गेलो. जुन्या नियमाप्रमाणे दोन नव्हे, दहा जेवणे झाली. घर माझेच होते.

हिशेब साधा होता, वाचकांनाही सहज कळेल. कारखाना दिवसाला वीस टन फळ घेणार, वर्षात दोनशे दिवस चालणार. म्हणजे वर्षाला चार हजार टन फळ हवे. आसपासच्या गावांतून फिरून मी सुमारे अठराशे एकर बागा धरल्या. एकरी पाच टन म्हटले तर नऊ हजार टन फळ. ऐकायला पुष्कळ! पण चांगले, टपोरे, लाल फळ शेतकरी बाजारात नेतो. कारखान्याला कोण देणार? कारखान्याला येते ते तडकलेले, डागाळलेले, बारके फळ. ते पाचवा हिस्सा, म्हणजे शेकडा वीस. नऊ हजारांचे वीस टक्के अठराशे टन. चार हजारांच्या कारखान्यात अठराशे टन, म्हणजे यंत्रे शंभरात पंचेचाळीस चालणार. आणि हप्ते फेडायला ती निदान पासष्ट चालायला हवी होती. यात तेल्या रोग, मर, खोडकिडा यांचा उपद्रव मी धरलाच नव्हता. मी लिहिले, एवढा मोठा कारखाना नको; आधी फळे निवडून भरण्याची लहान शेड काढा.

आठ दिवसांनी नव्या साहेबांनी मला बोलावले. अहवाल छान आहे म्हणाले. फक्त तो 'पाचवा हिस्सा' फार सावधपणाचा वाटतो. "वीसचे चाळीस धर. बाकी सगळं तुझंच राहू दे."

चाळीस धरले की नऊ हजारांचे छत्तीसशे होतात, आणि कारखाना शंभरात नव्वद चालतो. एक आकडा बदलला आणि सगळी कोष्टके हसू लागली.

मी म्हणालो, "पण फळ येणार नाही."

"अरे, कारखाना झाला की फळ येतं. आणि इतकं मनाला लावून घेऊ नकोस. हप्ते तुलाही आहेत, मलाही आहेत."

मी गप्प बसलो. मला कोणी धमकावले नाही, कोणी लाच दिली नाही. मी घरी गेलो, मुलाच्या शाळेची फी भरली आणि झोपलो. अहवालावर 'तयार करणार' म्हणून माझे नाव छापले गेले. पुढल्या एप्रिलात मला बढती मिळाली.

लक्ष्मीपूजन

त्या २०२२ च्या दिवाळीत परतीचा पाऊस फार लांबला होता. बागांतून चिखल होता. मी बायकोमुलांसह गावी गेलो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, हाक मारली. पाटावर लक्ष्मी मांडली होती, शेजारी केरसुणी, लाह्या-बत्तासे, नवी कोरी वही. आणि त्या वहीखाली लाल फडक्यात बांधलेले काहीतरी जाडजूड. तात्यांनी फडके सोडले. माझा अहवाल!

"कंपनीच्या चेअरमनकडून एक प्रत मागून आणली," ते काकूंना म्हणाले, "पोराचं नाव छापलंय त्याच्यावर." त्यांनी अहवालाला हळदकुंकू वाहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चार शेअर घेतलं म्या. पन्नास-पन्नास हजाराचं. माडी पुढच्या वर्षी बांधू. तू लिव्हलंयस म्हनल्यावर इचार कशाला करायचा?"

गावातल्या आणि शेजारच्या वाड्यांतल्या बासष्ट जणांनी शेअर घेतले होते. बँकेने कर्ज मंजूर करत आणले होते आणि दिवाळीनंतर यंत्रांची आगाऊ रक्कम जायची होती. मुले अंगणात फुलबाज्या उडवीत होती. हिने हातात दिलेली करंजी मला घशाखाली उतरवता येईना.

रात्री सगळे निजल्यावर मी तात्यांना ओसरीवर गाठले आणि सांगितले. वीस, चाळीस, पंचेचाळीस, नव्वद, सगळे. तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "मग ह्ये चाळीस कुनी लिव्हलं?"

"साहेबांनी."

"पर नाव तर तुझंच हाय."

"हो."

"आन् तुला ठावं हुतं."

"हो, तात्या."

ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी फक्त कंदील बारीक केला आणि म्हणाले, "परवा पाडवा हाय. देवळात समदी गोळा हुत्यात. तिथं सांग. मला एकट्याला सांगून काय उपेग?"

देवळातली बैठक

माझ्या आयुष्यातली ती सर्वांत लांब तासाभराची बैठक. मी माझी जुनी वही उघडली आणि हिशेब मांडला. 'फळ किती' याच्याशी कोणी वाद घातला नाही. बागा त्यांच्याच होत्या. एका म्हाताऱ्याने एवढेच म्हटले, "आमाला इचारलं असतं तर आमीबी ह्येच सांगितलं असतं." खरेच होते. त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यांनी छापील कागदावर विश्वास ठेवला होता.

शिव्याही खाल्ल्या. कंपनी उभी करण्यासाठी वर्षभर खपलेला एक तरुण माझ्यावर फार चिडला. "भिऊन भिऊन गाव माळावरच राहिलं," तो म्हणाला. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. धाडस केल्याशिवाय धंदा होत नाही. पण धाडस करणाऱ्याला खड्डा किती खोल आहे एवढे तरी खरे सांगितले पाहिजे. तो आजही माझ्याशी बोलत नाही.

मोठा कारखाना रद्द झाला. बहुतेकांना पन्नास हजारांमागे अडतीस हजार परत मिळाले. बारा हजार नोंदणीत, जागेच्या अनामतीत आणि इतर खर्चात गेले होते. त्या खर्चातली सर्वांत मोठी रक्कम कोणती, सांगू? आमच्या अहवालाचा पहिला हप्ता! उरलेल्या सभासदांनी फळे निवडून भरण्याची एक लहान शेड काढली. ती चालते, फार नाही, पण चालते. पुढल्या दोन वर्षांत तात्यांची अर्धी बाग मर रोगाने गेली. मोठा कारखाना असता तर काय झाले असते, याचा हिशेब मी आता कोणाला करून दाखवत नाही.

पुण्याला परतल्यावर मी नव्या साहेबांना सगळे लिहून कळवले. ग्राहकाची गुप्तता मोडली, असा ठपका माझ्यावर आला. मी विचारले, ग्राहक कोण? शेतकऱ्यांची कंपनी; आणि ज्यांना मी सांगितले ते तिचेच मालक. याला उत्तर आले नाही. राजीनामा मात्र लगेच मंजूर झाला. निरोपाला केकही होता.

कपाटाची किल्ली

मग एके दिवशी मी थोरल्या साहेबांकडे गेलो. मला वाटले होते, ते नव्यांना दोष देतील आणि माझे थोडे कौतुक करतील. तसे काही झाले नाही. श्रवणयंत्र नीट बसवून त्यांनी सगळे ऐकले आणि पहिला प्रश्न केला, "एक वर्ष गप्प का बसलात?"

मी कर्जाचे सांगितले, शाळेचे सांगितले. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "चूक माझीही आहे. चुका काढायला मी तुम्हाला शिकवलं, पण माझ्या खुर्चीत बसायला कोणालाच शिकवलं नाही. कंपनी कोणाला द्यायची तेव्हा मी पाहिलं, काम कोण जास्त आणतं. काम कोण परत करतं, हे पाहायला हवं होतं." टेबलाच्या खणातून त्यांनी एक किल्ली काढून दाखवली. त्या लोखंडी कपाटाची होती. कपाट भंगारात गेल्याचे त्यांना माझ्याकडूनच कळले.

वाचकहो, तुमच्याही घरात कोणी मुलगा, सून, जावई असाच कुठल्या काचेच्या इमारतीत जात असेल. पगार किती, हे आपण दिवाळीला जमल्यावर विचारतोच. त्याबरोबर एवढेही विचारावे, की तुमच्याकडे साहेबाला 'हे चूक आहे' असे शेवटचे कोण म्हणाले होते, आणि तो आज कुठे आहे? उत्तर द्यायला वेळ लागला, तर भिंतीत ओल चढू लागली आहे असे समजावे. आणि ती एकट्या साहेबांमुळे चढत नाही. माझ्यासारखे गप्प बसणारे अठरा-वीस जण लागतात.

आता मी पुण्यातच लहानसे काम करतो. पगार निम्म्यावर आला. फ्लॅटचे हप्ते हिच्या नोकरीवर कसेबसे निघतात. तिने याबद्दल एक शब्दही काढला नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो. आठवड्यातून दोन दिवस मी गावाकडे असतो. लोक बांधावर येऊन विचारतात, मी मोजून सांगतो, आणि पुष्कळदा 'नको' म्हणतो.

गेल्या दिवाळीला तात्यांच्या ट्रंकेतून सातबाऱ्याचा उतारा काढताना तो अहवाल पुन्हा हाती आला. त्याच लाल फडक्यात, कुंकवाच्या डागासह. मी म्हणालो, "तात्या, हे कशाला ठेवलंय? टाकून द्या की चुलीत."

तात्यांनी तो माझ्या हातून घेतला, फडक्याची गाठ नीट मारली आणि सातबाऱ्यांच्या खाली ठेवून दिला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "नाव हाय तुझं त्याच्यावर."